अठ्ठावन्नाव्या वर्षी रिकिबीत पाय

आमच्या घरी माथेरानचा विषय निघाला की मी काही तरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जात असे. दूध उतू जायला आलेले असे, नाही तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिलेल्या असत. पन्नास वर्षांत कुणाला शंका आली नाही. स्वयंपाकघरात जाणाऱ्या बाईला आपल्याकडे कुणी कारण विचारीत नाही, हा त्या खोलीचा एक मोठाच फायदा आहे.

पण २०२४ च्या मे महिन्यात मुलाने सगळ्यांची तिकिटेच काढून आणली आणि माझे दूध उतू जाण्याचे बंद झाले. माथेरानला दस्तुरी नाक्यापर्यंत मोटार जाते. पुढे ती नेता येत नाही. तिथून बाजारपेठेपर्यंत चालायचे, अमन लॉजला छोट्या गाडीत बसायचे किंवा घोडा करायचा; तेव्हा हातरिक्षाही असत. आता काही ई-रिक्षाही धावतात. माझी नात तेव्हा सात वर्षांची होती. तिने दस्तुरीला उतरल्याबरोबर पन्नास घोड्यांमधून एक घोडा निवडला आणि त्याच्याकडे धाव घेतली. मी तिच्या दंडाला धरून तिला अशी काही मागे ओढली की ती रडायलाच लागली. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आजी, तू कधी बसलीस का घोड्यावर?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत, पडतात म्हणून?"

याला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते मी आजवर कुणालाच दिले नव्हते. पोर लाल मातीच्या फुफाट्यातून मुकाट्याने बाजारापर्यंत चालत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, तर एक घोडा जवळून गेला आणि ती दोन पावले मागे सरून भिंतीला चिकटून उभी राहिली. अगदी माझ्यासारखी. आमच्या आईचे दागिने मी सुनेला देताना वजन करून दिले होते. ही भीती मात्र मी नातीला न मोजता देऊन टाकली होती.

मुंबईला परत आल्यावर मी ह्यांना सांगितले, "मला घोड्यावर बसायला शिकायचंय."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या बोलण्यासाठी वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा हा बहुधा दुसराच प्रसंग. "दौडायला?"

"नाही. चालायला. घोड्याने चालायचं आणि मी वर बसायचं. एवढंच."

"त्यात शिकायचं काय?" असे हे म्हणाले. मलाही तसेच वाटत होते. वाचकहो, तुम्हालाही तसेच वाटत असणार, म्हणून तर हे लिहायला घेतले.

दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरल्यावर, मार्गशीर्षात आम्ही माथेरानला आठ दिवसांसाठी एक खोली घेतली. शेजारच्या मुलीची घोडेस्वारीची टोपी मी मागून आणली होती, ती कडक, हनुवटीखाली पट्टा बांधायची. ह्यांनी ती पाहून "बॅटिंग कितव्या नंबरला आहे?" असे विचारले. पण टोपी हवीच. आमच्या वयात हात मोडला तर सून भाजी चिरील. डोके मोडले तर चिरण्यासारखे काही उरत नाही.

शिकवायला एक वयस्क घोडेवाले मिळाले. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांची घोडी तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. मामांना मी स्पष्टच सांगितले, मला पॉइंट बघायचे नाहीत, शिकायचे आहे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि म्हणाले, "मग आज बसायचं नाही."

पहिला दिवस नुसता जवळ जाण्यात गेला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त नाकासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. आपण नाकासमोर चालणाऱ्याला सरळ माणूस म्हणतो. घोड्याच्या हिशेबी नाकासमोरून येणारा आणि पाठीमागून येणारा, दोघेही सारखेच संशयित. त्याच्याकडे जायचे ते खांद्याच्या बाजूने, आणि बोलत बोलत. "मुकाट्यानं आलेल्या माणसाचा कुणालाही संशय येतो, ताई," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांनी घोडीविषयी म्हटले होते, पण ते मला रात्री झोपू देईना. मुकाट्याने राहण्यात माझा हात कुणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढून मी एकदाची घोडीवर बसले. डाव्या बाजूने. का डाव्या? तर जुन्या काळी तलवार डाव्या कमरेला लटकत असे; उजव्या बाजूने चढले तर ती पायात येणार. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगासुद्धा नव्हता, पण रीत ती रीत. चढण्यापूर्वी मामांनी तंग पुन्हा आवळला. घोडी खोगीर चढवताना पोट फुगवून धरते आणि मग हळूच सोडते, त्यामुळे आधी घट्ट वाटलेला पट्टा सैल निघतो. हे ऐकून मला घोडीविषयी प्रथमच आपलेपणा वाटला. साडीच्या दुकानात मापाचे परकर घेताना मी हेच करते, फक्त उलट.

भाषणांतून आपण नेहमी ऐकतो की घोड्यावर बसणे मराठी माणसाच्या रक्तात आहे. मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. तासाच्या भाड्याने घोडीवर बसून दोन्ही हातांनी खोगिराचा पुढचा भाग घट्ट धरणाऱ्या बाईला काय म्हणावे, याची नोंद बखरकारांनी केलेली नाही. भीमेच्या काठची ती चिवट तट्टे, त्यांवर मुलूखच्या मुलूख तुडवणारी माणसे... आणि मी मात्र जमिनीकडे बघत होते. ती फार खाली होती.

"खाली बघू नका. जिथं बघाल तिथं जाल," मामा म्हणाले.

आपल्या भाषेत 'मांड' म्हणून एक सुरेख शब्द आहे. त्याचा अर्थ मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळला. मांड म्हणजे मांड्यांनी घोड्याला करकचून आवळणे नव्हे. तसे केले की आपण कपड्याच्या चिमट्यासारखे वर वर सटकतो. खुर्चीत बसतो तसे बसायचेही नाही. पाय फाकून जमिनीवर उभे राहावे आणि मधे घोडी यावी, तसे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात. रिकिबीत पावलाचा चवडा तेवढा ठेवायचा, सगळे पाऊल आत घालायचे नाही आणि टाच खाली. याला कारण आहे. पडायची वेळ आलीच तर पाय रिकिबीतून चटकन निसटला पाहिजे. अडकला तर माणूस घोड्यामागे फरफटतो.

हे मामांनी सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, तो का ते पुढे सांगते.

घोडी चालू लागली. आता खरी गंमत. घोड्याच्या चालीत चार ठोके असतात आणि चारी टापा वेगवेगळ्या पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दोन किंवा तीन पाय नेहमी जमिनीवर असतात. दुडकीत दोनच ठोके, कारण समोरासमोरच्या कोपऱ्यातले पाय जोडीने पडतात आणि मधे क्षणभर घोडा हवेत असतो. भरधाव घोडा चारी पाय उचलून हवेत असतो की नाही, यावर तर पूर्वी मोठे वाद झाले. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची चित्रे घेतली, तेव्हा कळले की होय, असतो. पण पाय फाकलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे तोवरच्या चित्रकारांनी काढलेले ते पुढे-मागे पाय ताणून उडणारे घोडे सगळे चुकीचेच होते.

तिसऱ्या दिवशी मामांनी मला डोळे मिटायला सांगितले. घोडी त्यांनी हाताने धरली होती. "मागचा कुठला पाय पुढं येतोय, सांगा."

मला काय कळणार? मी अंदाजाने डावा-उजवा म्हणत होते, जशी परीक्षेत पोरे 'बरोबर की चूक' सोडवतात. पंधरा-वीस मिनिटे तशीच गेली. मग एकाएकी कळले. घोडीचा मागचा डावा पाय उचलून पुढे येऊ लागला की आपली डावी बाजू हलकेच खाली बसते आणि घोडीचे पोट उजवीकडे झुलते. मग उजवी. पुन्हा डावी. आपली कंबर पुढे-मागे, वर-खाली, आणि बाजूला, अशी तिन्ही अंगांनी हलत असते. आजी जात्यावर बसली की तिच्या मांडीवर डोके ठेवून मी निजत असे, तेव्हाची ती लय. आणि ही लय, मामा म्हणाले, आपल्याच चालण्याची. आपण चालताना कंबर जशी हलते तशी घोडी आपल्याला बसल्या जागी हलवते.

ही केवळ घोडेवाल्याची कल्पना नाही. पायांतली शक्ती गेलेल्यांना किंवा तोल न सांभाळता येणाऱ्या मुलांना घोड्याच्या संथ चालीवर बसवून उपचार करण्याची पद्धत आज अनेक देशांत आहे. तिच्यामागे एका डॅनिश बाईची गोष्ट आहे. लिस हार्टेल तिचे नाव. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे झाले. ती पुन्हा घोड्यावर बसायला शिकली. तिला चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोड्याच्या चालींच्या स्पर्धेत बायकांना प्रथमच पुरुषांच्या बरोबरीने उतरता आले आणि या बाईने रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या सेंट सीरने तिला हात देऊन पायरीवर चढवले. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्यपदक मिळवले. ज्या पायांनी घोड्याला इशारा द्यायचा ते पाय नसताना, केवळ बसण्यातून आणि तोलातून. मी हे ह्यांना संध्याकाळी सांगितले. हे म्हणाले, "ते ठीक आहे, पण आज दौड झाली का?"

"नाही. चाल."

"अजून चालच?"

"अजून चालच."

आणि चालीतच तर घोडे पेंड खात होते. माझे लगामाशी जमेना. घोडी चालताना पावलागणिक मान खाली-वर करते, तिचा तोल तिच्यावर असतो. बसणाऱ्याचे हात त्या मानेबरोबर पुढे-मागे गेले पाहिजेत. मी मात्र बसच्या दांड्यासारखा लगाम धरून ठेवलेला. चांदणी सारखी डोके झटकत होती. मी म्हटले, घोडी चिडकी दिसते.

मामा थांबले. त्यांनी हलकेच घोडीचा ओठ उचलून मला दाखवले. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाचे लोखंड तिथल्या उघड्या हिरडीवर बसते. "तुमची भीती तिच्या हिरडीला लागते, ताई."

मी बोटे सैल केली. लगाम सोडायचा नाही, फक्त पाखरू धरल्यासारखा धरायचा. चार पावलांत घोडीची मान खाली आली, तिने फुरफुर करून मोठा श्वास सोडला, आणि तिच्या पाठोपाठ मीही. तोवर मी श्वास धरून बसले होते हे मला तेव्हा कळले.

पाचव्या दिवशी आम्ही जंगलातल्या वाटेने निघालो होतो. अंजनीची आणि जांभळीची दाट सावली, सकाळची वेळ, वाटेत माणूस नाही. घोडीच्या पोटावर माशा बसत होत्या, म्हणून मामांनी जाता जाता अंजनीची एक डहाळी मोडली. कट्ट असा आवाज झाला. चांदणीचा एक कान मागे वळला. मी मात्र थंडगार झाले. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि घोडी थांबवली.

मग मी त्यांना सांगितले. पन्नास वर्षांत प्रथमच.

१९७५ सालची दिवाळीची सुट्टी. मी आठ वर्षांची, दादा बारा वर्षांचा. बाबांनी एकच घोडी ठरवली होती, पांढरी. आधी दादाने बसायचे, मग मी. दादाची पाळी काही संपेना. घोडेवाला सुट्या पैशांवरून बाबांशी बोलत दोन पावले मागे राहिला होता. माझ्या हातात अशीच एक डहाळी होती. घोडी लवकर जाऊन लवकर परत येईल, एवढाच माझा हिशेब. मी ती सपकन तिच्या मागच्या पायावर मारली.

घोडी उधळली. वळणावर दादा पडला, त्याचा पाय रिकिबीत अडकला, आणि दहा-बारा हात तो दगडांवरून फरफटला. डावे कोपर मोडले. पुढे दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण तो हात पुन्हा सरळ झाला नाही. आजही होत नाही.

आणि तो घोडेवाला. तो हात जोडून म्हणत होता, "साहेब, माझी घोडी अशी नाही हो." बाबांनी त्याला चारचौघांत नाही नाही ते बोलून घेतले. भाड्याचे पैसे दिले नाहीत. तक्रारही केली. मी डहाळी पायाखाली घालून उभी होते. तो माणूस एकदा माझ्याकडे बघत होता की मला तसे वाटले, ते आजपर्यंत ठरलेले नाही.

मामांनी मला धीर दिला नाही. लहान होतात, चालायचेच, असे काही ते म्हणाले नाहीत. बराच वेळ ते घोडीच्या आयाळीत अडकलेली काटकुळी काढत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा. पांढऱ्या घोड्या दोन-तीन होत्या इथं. तक्रार झाली म्हणजे त्याचा तो हंगाम गेला असणार."

"हो."

"घ्या," म्हणून त्यांनी ती डहाळी माझ्या हातात दिली. "मारायची नाही. नुसती धरून चला."

एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात ती डहाळी धरून मी अर्धा तास चालले. म्हणजे घोडी चालली. परतीच्या वाटेवर एका पत्र्यावर माकडाने धाडकन उडी मारली आणि चांदणी बाजूला दचकली. मी आयाळ धरली, श्वास सोडला, टाचा खाली दाबल्या. मामा वीस पावलांवर होते आणि ते धावले नाहीत. घोडी थांबली. मी वरच होते. डहाळीही हातात होती.

रात्री मी दादाला फोन केला. ठाण्याला असतो तो, बासष्ट वर्षांचा. इकडचे तिकडचे न बोलता सरळ सांगून टाकले. पलीकडे इतका वेळ आवाज नव्हता की मला वाटले फोन बंद पडला.

"तू मारलीस?" तो म्हणाला.

"हो."

"अगं, मी इतकी वर्षं समजत होतो की मीच टाच मारली. खरंच मारली होती मी. तिला पळवायचं होतं मला. बाबा ओरडतील म्हणून बोललो नाही."

मग पुन्हा कुणी बोलेना. शेवटी तोच म्हणाला, "त्या माणसाचे पैसे दिले नाहीत ना आपण?"

"नाही."

शनिवारी दादा आला. दस्तुरीपासून चालत, लाल मातीने बूट भरवून. आल्या आल्या त्याने मामांच्या हातात पाचशेच्या काही नोटा ठेवल्या. मामांनी त्या मोजल्याही नाहीत, परत त्याच्या खिशात घातल्या. "हे माझे नाहीत, साहेब. ज्याचे त्याला द्या." त्या दुपारी आम्ही दोघांनी बाजारात तीन-चार म्हाताऱ्या घोडेवाल्यांना विचारले. पांढरी घोडी, पंचाहत्तर साल, मुंबईच्या पोराचा हात मोडला होता. एक म्हणाला, अशी पोरे दर वर्षी पडत. दुसऱ्याने तीन नावे सांगितली, त्यांतले कुणीच आता हयात नव्हते. पैसे दादाकडेच आहेत. घरात एका पाकिटात वेगळे ठेवले आहेत, खर्च करता येत नाहीत.

संध्याकाळी मामा म्हणाले, "साहेब, बसा." दादा "छे छे" म्हणाला आणि बसला. मी घोडीची मोरकी धरून पुढे चालत होते. मामांनी त्याच्या डाव्या हाताकडे निरखून पाहिले. लगाम धरताना कोपर वाकलेले असावे लागते, आणि दादाचे तर पन्नास वर्षे तसेच होते. "हा हात तयारच आहे की!" मामा म्हणाले. दादा इतका हसला की चांदणी थांबून मागे बघू लागली. अर्थात नुसता वाकलेला हात पुरत नाही, तो मानेबरोबर पुढे-मागेही जावा लागतो. ते काम दादाला खांद्याने करावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे खांद्याला चोळायला तेल मागितले.

या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही नातीला पुन्हा घेऊन गेलो. दस्तुरीला ती माझ्या मागेच उभी राहिली. मामा चांदणीला घेऊन आले होते. मी म्हटले, समोरून नको, खांद्याकडून जायचं आणि बोलत बोलत.

"काय बोलू?"

"काहीही."

ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग तिने हात पाठीमागे बांधले आणि एकेक पाऊल पुढे टाकत सातचा पाढा म्हणायला सुरुवात केली. सात आठे चोपन्न म्हणाली. घोडीने कान तिच्याकडे वळवला, पण चूक काही काढली नाही.